एक्स्चेंजमधली पेटिंग

शनिवार, १६ फेब्रुवारी २०१९, दुमागेते. सकाळची मिस्सा झाली. वारा समुद्राकडून. पेटिंग बाईस गावी बहिणीकडे जाते म्हणाली. हातात काही नव्हतं.

एवढं लिहिलं आणि मला राहवेना. बहिणीकडे रिकाम्या हातानं कोण जातं? पेटिंग तर शेजारी यायची असली तरी केळीच्या पानात उकडलेली चिकट भाताची बुदबुद बरोबर आणते. शिवाय मिस्सा आटोपली तरी तिच्या पायात चर्चचेच बूट होते.

पेर्पेतुआ, म्हणजे आमची पेटिंग, माझ्या कुंपणापलीकडे राहते. लग्न तिनं केलं नाही. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. या भोकातली पिन त्या भोकात खुपसत तिनं अर्ध्या गावाची बाहेर गेलेल्या नवऱ्यांशी गाठ घालून दिली. माझा नवरा बोटीवर इंजिनीअर. रॉटरडॅमहून, योकोहामाहून त्याचा फोन यायचा तो हिच्याच हातून. पेटिंगला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, असं गाव म्हणायचं. पण तिच्या तोंडून कुणी काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

तरी एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरून पडले. पेटिंग माझ्या मुलाची, रेनेरिओची, बाप्तिस्म्यातली धर्ममाता. दर रविवारी ती त्याच्याशी फोनवर बोलते. आणि रेनेरिओनं सेबूहून नाताळातच बजावलंय, "आई, एकदा जरी पडलीस तरी घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

दुपारी मला विद्यापीठात बोलावलं होतं. माणसं यंत्रांशी कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्यांची तिथे कार्यशाळा भरली होती. मनिला, पेनांग, चिआंग माईहून आलेली शिकलीसवरलेली मंडळी फरशीवर मांडी घालून पुठ्ठे कापत होती, बोटांना डिंक. म्हाताऱ्यांची विचारपूस करणारं यंत्र त्यांना बनवायचं होतं, आणि त्या दिवशी ते आम्हा म्हाताऱ्यांसमोर ठेवायचं होतं.

"लोला चोलिंग, याच्याशी घरच्यासारखं बोला," बाल्बिना मॅडम पुठ्ठ्याचा एक डबा माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या. आमच्याकडे आजीला लोला म्हणतात. कार्यशाळा त्यांचीच.

"आणि मी बोललेलं जाणार कुठे?"

"या खोलीबाहेर नाही. तुमचं नावसुद्धा लिहीत नाही आम्ही."

असं इतक्या गोड आवाजात सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. मी डबा उचलून मागून पाहिला. वायर नाही, आत कागदाचे बोळे. मागे निळा पडदा होता. पंखा बंद होता, तरी पडदा एकदा हलला.

"आज पाय कसे आहेत?" डब्यानं विचारलं. पत्र्याच्या पिंपातून यावा तसा आवाज.

"जागेवर आहेत."

"जिना चढताना गुडघा दुखतो?"

"गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं?"

डबा म्हणाला, "सगळ्यांना विचारायचं असतं."

मी विचार केला, पुठ्ठ्याच्या डब्याकडे रेनेरिओचा नंबर कुठून असणार? आणि महिनाभर कुणालाच न सांगता राहणं सोपं नव्हतं. मी सांगून टाकलं. न्हाणीघर, ओली फरशी, बादलीला धरून कशी उठले ते सगळं.

डबा हळूच म्हणाला, "बोलणं झालं का? लाईन सोडू?"

नवऱ्याच्या प्रत्येक फोनच्या शेवटी हेच शब्द ऐकले होते मी. उठले आणि पडदा ओढला.

मागे पेटिंग. कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक, बूट काढून खुर्चीखाली.

फरशीवरच्या मंडळींच्या कात्र्या थांबल्या. बाल्बिना मॅडम धावत आल्या. "लोला, यंत्र अजून बनलेलंच नाही. आधी पडद्यामागे माणूस बसवतो आणि लोक कसे बोलतात ते बघतो. शेवटी सगळ्यांना सांगतोच आम्ही. नको असेल तर तुमचं रेकॉर्डिंग आत्ता पुसते."

"रेकॉर्डिंग पुसाल. हिचे कान कसे पुसणार?"

"माझे कान तर तू लग्न झाल्यापासून वापरतेयस," पेटिंग म्हणाली.

"बाईसला गेली होतीस ना?"

"कुणाला सांगायचं नाही अशी यांची अट होती. आणि तुलाही बोलावलंय हे मला काय माहीत? तुझा आवाज ऐकून घाम फुटला मला."

"उद्या रविवार आहे, पेटिंग."

"आहे की."

रात्रभर मला ते 'आहे की' टोचत राहिलं.

आज रविवारी मिस्सेनंतर ती व्हरांड्यात फोन घेऊन बसली. मी कुंपणाशी ऑर्किडला रिकाम्या झारीनं पाणी घालत उभी राहिले.

"तुझ्या आईला काय धाड भरलीय?" पेटिंग हसत होती. "काल एका डब्याशी भांडली." मग ती आवाज खाली आणून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही.

पाचच मिनिटांत माझा फोन वाजला.

"आई, डब्याशी भांडलीस म्हणे?" रेनेरिओ.

"भांडले. अजून काय म्हणाली?"

"अजून काय म्हणणार? का, लपवतेयस काही?"

"मी कशाला लपवू?"

त्यानं पावसापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला. तरीही माझी खात्री पटेना.

संध्याकाळी पेटिंग फाटकात आली. काखेत कसली तरी हिरवी गुंडाळी.

"बाईसहून आणली," म्हणाली.

"तू बाईसला गेलीच नाहीस."

"मग डब्यानं पाठवली समज. आणि ऐक, चोलिंग. काल ऐकलं ते कालच सोडलं. पण पुन्हा पडलीस तर मी स्वतः सेबूला लाईन जोडून देणार."

"मग सकाळी फोनवर हळू आवाजात काय सांगत होतीस त्याला?"

"ते त्याचं आणि माझं," असं म्हणून ती गेली.

रविवार, १७ फेब्रुवारी. न्हाणीघरात हिरवी रबरी चटई घातली. दाराला अडकत होती, म्हणून कडेची पट्टी कापली.