माझ्या टीबीला घरच्यांनी लग्न म्हटलं

"टीबी आहे," अकोल्याचे डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले. "प्लुरल इफ्यूजन. म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलंय. ते काढू. गोळ्या चुकवू नको, पूर्ण बरी होशील बेटा."

मला तर हायसं वाटलं. अमरावतीला एम.एस्सी. करताना होस्टेलवर ताप अंगावर काढला होता. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. निदान दुखण्याचं नाव तरी कळलं. बाबा मात्र बाहेर येताच म्हणाले, "कोनाले सांगू नको."

पातूरला आमचा फुलांचा मळा आहे. टीबीवाल्या घरची फुलं देवाला कोण वाहणार आणि पोरीला कोण करून घेणार, ही बाबांची काळजी. मी जगते की नाही, ही काळजी बहुधा त्यानंतरची.

पाठीत सुई घालून पाणी काढलं. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लालसर व्हायची. तसं होतंच, घाबरू नका. पाहुणे आले की माझी रवानगी मागच्या खोलीत. खोकला आला तर तोंडात ओढणी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"कॉलेजचं मी पाह्यतो," बाबा म्हणाले होते. मी विश्वास ठेवला.

डॉक्टरांनी परवानगी देताच मी अमरावतीला गेले. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाबूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं तं लग्न झालं ना? तुमचे वडील सांगून गेले. प्रवेश रद्द केला आमी."

माझं डोकंच फिरलं. नियम साधा आहे. आजारपणासाठी शिक्षणात खंड मागितला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं, तर जागा राहते. प्रवेश रद्द केला की जागा गेली. आणि दोन्हीसाठी विद्यार्थ्यानं स्वतः अर्ज करायचा असतो.

"मग माझी सही कुठाय?" मी ओरडले.

"बाप सांगून राह्यला तं आमी काय पोलीस तपास करावा?"

म्हणजे पोरीचं लग्न म्हटलं की नियमही अक्षता टाकून मोकळा!

प्राचार्यांनी चूक मान्य केली, पण अट घातली. वडिलांनी येऊन खरं सांगावं, सर्टिफिकेट द्यावं, मग प्रवेश परत मिळेल. बाबा तयार होईनात. "लोकं काय म्हनतीन?"

"तुमी नाई आले, तर मी पातूरच्या बाजारात उभी राहून सांगीन," मी म्हटलं. ते आले.

ऑफिसात ते पुटपुटले. बाबू म्हणाले, "मोठ्यानं सांगा."

"पोरीले टीबी होता. लग्नबिग्न काई नोतं. मी खोटं बोललो." रांगेतली पोरं वळून पाहत होती. कोणी दूर सरकलं नाही.

आजारी पडलात तर कॉलेजला स्वतः कळवा, लेखी कळवा. अंथरुणातून उठवत नसेल तर कोणाकडून तरी पाठवा, पण सही तुमची असू द्या. आपल्या माणसांवर माया करा. अर्ज मात्र त्यांच्यावर सोडू नका.

डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही.

प्रवेश परत मिळाला. बाहेर येऊन बाबांनी विचारलं, "झालं समाधान?"

"नाई," मी म्हटलं आणि लेक्चरला गेले.