उस्मानपुऱ्यात वन्स मोअर

पुण्याहून निघताना मी बॅगेत आठवणीनं कापसाचे बोळे टाकले. बासरीची मैफल ऐकायला छत्रपती संभाजीनगरला निघालेल्या बाईनं कानात घालायला बोळे न्यावेत, हे विचित्रच. पण मधले पाच-सहा तास ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये काढायचे होते आणि तिथं कोण काय वाजवेल याचा नेम नसतो. आमच्या श्रोता मंडळाचा एक रिवाज आहे. बाहेरगावी गेलेल्या सभासदानं तिथलं काहीतरी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायचं आणि शनिवारच्या बैठकीत ऐकवायचं. गेल्या खेपेस मी गोव्याहून हात हलवत परत आले, तर कुलकर्णीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "यांना काही पसंतच पडत नाही." या वेळी त्यांचं तोंड बंद करायचं, एवढा एकच हेतू मनात धरून मी निघाले होते.

तिथं उस्मानपुऱ्यात माझ्या मावसभावाची बायको, शोभावहिनी, राहते. तिच्या घरी पोहोचेपर्यंत माझं डोकं उठलं. इतर गावांत लोक गरज पडली की हॉर्न वाजवतात. इथं हॉर्नवर अंगठा ठेवूनच गाडी सुरू करतात. पुढं रस्ता मोकळा असला तरी वाजवतात, बहुधा मोकळा मिळाल्याच्या आनंदात. वहिनीनं जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी) केलं होतं. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी पाण्याला ठेवलं.

मैफलीचं काय सांगू? आधी दीपप्रज्वलन, मग शाली, मग शाली देणाऱ्यांना शाली. कलाकार बिचारा बासरी मांडीवर ठेवून तासभर पाहुण्यांची भाषणं ऐकत बसला. एकदाचा त्यानं सूर लावला, तर पुढच्या रांगेतले मान्यवर घड्याळं बघत उठले. माझ्या शेजारचे गृहस्थ सगळी मैफल फोनच्या पडद्यातून बघत होते आणि मधूनमधून वेफर्स खात होते. मी ध्वनिमुद्रण केलं, पण त्यात बासरीपेक्षा वेफर्सच जास्त आले. डोंबलाची रसिकता! या गावाला कान म्हणून नाहीत, असं मी वहिनीला तोंडावर सांगितलं. ती हसली आणि दूध तापवायला गेली.

सकाळी चहाच्या वेळी तिनं रस्त्याकडची खिडकी उघडली. हॉर्नचा लोंढा आत आला. मी उठून खिडकी लावून घेतली. वहिनी काहीतरी बोलणार होती, पण मी परतीच्या बसच्या गडबडीत होते.

बस रेल्वे स्टेशनच्या बाजूनं सुटणार होती. रिक्षा मिळाली ती सलीम नावाच्या माणसाची. सीटच्या मागं दोन मोठे स्पीकर आणि त्यांत धडधडणारं गाणं. मी बोळे काढले. आरशातून त्यानं ते पाहिलं आणि आवाज कमी केला. "मॅडम, टेन्शन नक्को. आरामात सोडतो स्टेशनला," म्हणाला. पाचच मिनिटांत आम्ही अडकलो. पुढं सगळी वाहनं ठप्प आणि सगळ्यांचे हॉर्न चालू.

त्या कल्लोळात मला पावा (बांबूची बासरी) ऐकू आला.

रस्ता ओलांडून मेंढरांचा कळप चालला होता. सगळ्यांत पुढं एक पन्नाशीचा धनगर. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, ओठांना पावा. त्याच्यामागं मेंढरं, एकमेकींना चिकटून, मान खाली घालून, इकडं-तिकडं न बघता चाललेली. शेवटी सामान लादलेलं घोडं धरून त्याची बायको. पाव्याची फिरत चारच सुरांची होती. वर जायची, तिथं जराशी थबकायची आणि अशी काही खाली यायची की मी बोळे परत बॅगेत टाकले. आदल्या रात्रीच्या शालींमध्ये हे कुठंच नव्हतं. मी रिक्षातून उतरले, पार पुढं जाऊन फोन धरला आणि पहिल्या मेंढीपासून शेवटच्या मेंढीपर्यंत सगळं ध्वनिमुद्रित केलं. कुलकर्णीबाईंचा चेहरा मला आत्ताच दिसायला लागला होता.

आणि बाकीचे? एकानं हेल्मेटच्या आतून शिवी हासडली. एक मुलगी कानात यंत्रं खुपसून उभी होती. कडेच्या टपरीवर पाच-सहा जण चहात खारी बुडवत होते, त्यातल्या एकानंही मान वळवली नाही. कळप पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गेला, वाहतूक सुटली आणि माझं डोकं सणकलं. मी टपरीवर जाऊन विचारलं, आत्ताची बासरी ऐकलीत का. एक जण म्हणाला, "कंची बासरी?"

कर्म माझं! मी सलीमला रिक्षा टपरीपाशी घ्यायला लावली, माझा फोन त्याच्या स्पीकरला जोडून घेतला आणि म्हटलं, आवाज पूर्ण सोड. या बहिऱ्यांना एकदा ऐकवल्याशिवाय मी या गावातून हलणार नव्हते.

पावा वाजला. खरंच, काय वाजला! टपरीवरच्या माना वळल्या. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं बघत होते, म्हणून पलीकडचं मला दिसलं नाही. सलीमला दिसलं.

मेंढरं येत होती. प्लॉटमध्ये वाघूर (मेंढरांभोवती लावायची जाळी) अजून लावलेली नव्हती, ती घोड्यावरच होती. सगळा कळप उठून, मान खाली घालून, भर वाहत्या रस्त्यात माझ्याकडं निघाला होता. सलीमनं मोडक्या फाटकासारखी रिक्षा रस्त्यात आडवी घातली, टपरीवरचे लोक हात पसरून धावले. पण रिक्षात पावा वाजतच होता आणि मेंढरं रिक्षाच्या मागं वळत होती. मला फोन बंद करता येईना. बोट भलतीकडंच पडत होतं. एक मोटारसायकल घसरली, एक मेंढी आडवी झाली, आणि मग कुठं माझं बोट जागेवर पडलं.

पलीकडून धनगरानं पावा लावला. ही फिरत वेगळी होती, सावकाश, खालच्या सुरातली. मेंढरं थांबली, वळली आणि चालू लागली. चारी बाजूंची वाहनं उभी होती. एकानंही हॉर्न वाजवला नाही. हेल्मेटवाल्यानं काच वर केली होती. मला मात्र त्यातलं काहीच ऐकवेना, कारण ती मेंढी अजून उठली नव्हती.

मोटारसायकलवाल्याचं कोपर सोललं होतं, तरी तोच मेंढीला उचलू लागला. ती गाभण होती. धनगराची बायको खाली बसून तिच्या पोटावर हात ठेवून होती. मेंढी उठली, पण उभी राहताना थरथरत होती. "सांजंपतूर कळंल," एवढंच धनगरीण म्हणाली.

कुणी वाजवलं, असं धनगरानं विचारलं. सलीम रिक्षा बाजूला घ्यायला लागला. मी म्हटलं, मी. त्यानं फोन मागून घेतला, हळू आवाजात कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यो मी व्हय?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "ब्येस वाजलंय." मग फोन माझ्या हातात देत म्हणाला, "पुसा, बाई."

मी आर्जव केलं. मंडळाचं सांगितलं, पुण्यात कुठं आलीत मेंढरं, हेही सांगितलं.

"फोनातलं कुठं थांबतंय? आज तुमच्याकडं, उद्या आणिक कुणाकडं," तो म्हणाला. चिडलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ह्ये त्यांना बोलावणं हाय. बोलावलं की त्यांना यावंच लागतंय. मंग बोलावणाऱ्यानं तिथं उभं नको का?"

मी त्याच्यासमोर पुसलं. एवढं रसिकपण मिरवते मी, पण ते बोलावणं आहे हे मला कळलं नव्हतं. मेंढरांना कळलं होतं.

स्टेशनपर्यंत सलीमनं गाणं लावलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी कुलकर्णीबाईंनी विचारलंच, काय आणलंत. मी म्हटलं, काही नाही. त्या इतरांकडं बघून हसल्या आणि ठरलेलं वाक्य बोलल्या. मी ऐकून घेतलं.

रविवारी शोभावहिनीला फोन करून सगळं सांगितलं आणि त्या प्लॉटवर जाऊन मेंढीचं बघून ये म्हटलं. ती लगेच जाऊन आली आणि तिनं परत फोन केला. कळप पुढं गेला होता. मेंढीचं कुणाला माहीत नव्हतं.

"दर वर्षी सुगीनंतर येतात ते, ताई," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस मुक्काम असतो. सकाळी तो पावा वाजवत जातो. आमच्या गल्लीत सगळे वाट बघतात."

मग मला आधी का नाही सांगितलंस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.



"खिडकी उघडली होती ना मी," ती म्हणाली. "तुम्ही लावलीत."