पाण्याकडचं दार

"हात खाली धर," गडी म्हणाला आणि वरून पाणी ओतलं. थोडं विटांवर पडलं, थोडं माझ्या हातांवर. बाकी मातीत गेलं. तळं माझ्यापासून पाच पायऱ्यांवर होतं. पण माझ्या घागरीला त्यात बुडायची बंदी होती. म्हणून शेजारच्या बापूसाहेबांचा गडी पाणी आणून ओतत होता. मी गवंडी. विटा भिजवत होतो. आणि बांधत काय होतो? माझ्याच घराचं पाण्याकडचं दार बुजवत होतो.

घर विकत घेतलेलं. कारंज्यात, तळ्याकाठी. आम्ही मूळचे कामरगावच्या महारवाड्यातले. हे घर एका कापडवाल्या चाचाचं. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं, त्याचा धंदा बसला, तो हैदराबादेला लेकाकडे निघाला. त्याच्या घराच्या भिंती मीच बांधल्या होत्या. तो म्हणाला, "दीवारें तेरे हाथ की हैं, तू ही ले ले." कागद झाला. कचेरीत कारकुनानं चतुःसीमा वाचली. पूर्वेला तळं. ते ऐकून माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्याच दिवशी बापूसाहेब दारापुढे येऊन उभे राहिले. ओट्यावर चढले नाहीत. विटाळ व्हायचा ना!

"घर घेतलं तं घेतलं. पाण्याकडचं दार बुजवून टाक. तू गवंडी आहे ना? तुह्याच हातानं बुजव. नाई तं राहून दाखव इथं."

आणि मी काय म्हणालो? "जी."

त्या 'जी'ची मला आजही चीड येते. बापूसाहेबांपेक्षा जास्त. माझ्या बापानं याच तळ्याच्या पायऱ्या दुरुस्त केल्या होत्या, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. तेव्हा पाणी बाटलं नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी जी.

भिंत छातीपर्यंत आली. मी सवयीनं ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं. एक वीट जराशी बाहेर आली होती. थापीनं ठोकून आत घेतली. माझी कोंडी मी अगदी सरळ बांधत होतो. वर काम चांगलं उतरतंय म्हणून मनात खूशही होतो!

बायको मागे चुना कालवत होती. तिनं घमेलं खाली ठेवलं.

"लोकाईच्या भिती बांधता, ते मजुरी मिळते म्हून. हे कायले बांधून राह्यले?"

मी पुढची वीट उचलली.

"मी आता चुना कालवत नाई," ती म्हणाली. "पाण्याकाठी राहाले आली मी, भितीकाठी नाई."

चुना अजून ओला होता. तो एकदा धरला की पहार लागते. ओला असेपर्यंत नुसते हात पुरतात. मी वरची वीट धरली आणि ओढली. मग दुसरी. मग हात थांबेनात. भर दुपारी, सगळ्या घाटादेखत. गडी घागर टाकून पळाला.

दार मोकळं झालं तसा मी पाचही पायऱ्या उतरलो आणि चुन्यानं भरलेले हात तळ्यात घातले. पाणी गार होतं. मला रडू आलं, पण ते मी घाटावरच्यांना दिसू दिलं नाही.

बापूसाहेब त्यांच्या पाण्याकडच्या दारात आले होते. "पाणी बाटवलं रे तू!"

"बाटलं असन तं तुमचं दार बुजवा," मी म्हणालो. "थापी देतो. बांधून मात्र देनार नाई."

त्यानंतर गावात मला कुणी भिंत सांगितली नाही. दारावर शेण आलं, दगड आले. मी मेडशीला, आसेगावला जाऊन कामं केली, पण काम संपलं की परत याच घरात आलो. सकाळी उठलो की आधी पाण्याकडचं दार उघडतो आणि घागर बुडवतो. उद्या कुणी काठी घेऊन घाटावर बसलं तरी बुडवीन. थापी माझी आहे. माझ्या वाटेत ती यापुढे एकही वीट बसवणार नाही.