नुसते नावाचे अध्यक्ष

कुणी मला ‘अध्यक्ष’ अशी हाक मारली, की काका उजव्या हाताचं बोट वर करून लगेच दुरुस्ती करायचे, “नुसते नावाचे!” समोर माझी बायको असो नाहीतर पाहुणे असोत. एकदा किराणा दुकानात माझा गोरा साहेब भेटला. मी ओळख करून देणार, तेवढ्यात काकाच म्हणाले, “ही इज प्रेसिडेंट. ओन्ली नेम.” साहेबाने मोठ्या आदराने माझ्याशी हात मिळवला. त्याला काय कळलं देव जाणे.

काका अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमध्ये लेकीकडे राहायचे. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. बोलण्याआधी हात वर करायची त्यांची सवय इतकी पक्की होती, की घरी जेवताना मीठसुद्धा ते हात वर करून मागायचे. लेक म्हणायची, “बाबा, तुम्ही बोला ना डायरेक्ट!” काका परवानगी मिळाल्यासारखं मान हलवायचे आणि मग मीठ मागायचे.

आता मी अध्यक्ष कसा झालो ते सांगायला हवं. दोन हजार एक-दोनचा सुमार. शेजारच्या मोठ्या गावात एक मोठं मराठी मंडळ होतं, आणि त्याचे अध्यक्ष म्हणजे साक्षात महाराज. गाडी कुणी कुठे लावायची, फेटा कुठल्या रंगाचा, कोण किती मिनिटं गाणार, सगळं तेच ठरवायचे. माझ्या बायकोच्या नाटुकलीवर त्यांनी चौथ्याच मिनिटाला पडदा पाडला. नायिका तोवर स्टेजवर आलीच नव्हती. नायिका म्हणजे माझी बायको.

त्याच दुपारी आम्ही मॉरिसव्हिलवाले पार्किंगमध्ये जमलो आणि फुटून निघालो. आमच्याकडे पाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्स होती, पाचही मराठी माणसांनी भरलेली. नवं मंडळ काढायचं ठरलं. घटना लिहायला काकांशिवाय दुसरं कोण? अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा मी सरबतासाठी बर्फ आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा बिनविरोध निवडून आलो होतो.

काका त्या वेळी लायब्ररीत अमेरिकेचा इतिहास वाचत होते, तोही मुलांच्या विभागात, कारण तिथलं इंग्रजी सोपं. लाल रंगाच्या इवल्याशा खुर्चीवर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन ते बसलेले असायचे. घटनेचा मसुदा घेऊन मी तिथेच गेलो आणि वाचता वाचता माझा चेहरा पडला. प्रत्येक कॉम्प्लेक्स स्वतंत्र आणि सार्वभौम. चाळीस घरं असोत की नऊ, मत एकेकच. मंडळ कुणालाही हुकूम देणार नाही, फक्त विनंती करेल. अध्यक्ष माईकला हात लावणार नाही. आणि यातलं काहीही बदलायचं तर पाचही कॉम्प्लेक्स राजी हवीत.

“काका, मग मी करायचं काय?”

“काहीच नाही जी. तेच तर सौंदर्य आहे.” त्यांनी मांडीवरचं चित्रांचं पुस्तक माझ्याकडे वळवलं. “या लोकांनी पहिली घटना अशीच केली होती. तेरा राज्यं. इंग्लंडच्या राजाशी लढून नुकतीच मोकळी झालेली. तो दूर बसून कर लावायचा, दारात शिपाई उभे करायचा. तो गेला, मग काय दुसरा राजा बसवायचा? म्हणून मधलं सरकार केलं ते हात बांधूनच. कर लावायचा नाही, राज्यांकडे मागायचा. सैन्य हवं तर मागायचं. दिलं तर दिलं. लहान राज्याला मोठ्याची भीती, मोठ्याला लहानाची, आणि सगळ्यांना मिळून मधल्या खुर्चीची.”

“मूर्खच होते म्हणायचे.”

“मूर्ख नव्हते. भ्यालेले होते,” काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला असं मला वाटलं, पण एवढ्यात एक चिमुरडी येऊन त्या खुर्चीवर हक्क सांगू लागली आणि काका निमूट उठले.

आमच्या सार्वभौम मंडळाची पहिली सहल बागेत झाली. श्रीखंड-पुरीचा बेत करावा, अशी मी पाचही कॉम्प्लेक्सना नम्र विनंती केली. कुणी काय करायचं हे सांगायचा मला अधिकारच नव्हता. दीडशे माणसांच्या पुऱ्या दुसरं कुणीतरी तळेल अशी प्रत्येकाची खात्री होती. त्यामुळे पाच पातेली श्रीखंड आलं आणि पुरी एकही नाही. लोकांनी कागदी वाट्यांतून श्रीखंड खाल्लं आणि तीनच्या सुमाराला अख्खं मंडळ गवतावर घोरत पडलं.

दिवाळीला शाळेचा हॉल घ्यायचा होता. ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं, “हू इज इन चार्ज?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, कुणीच नाही. त्या म्हणाल्या, सही तर कुणाची तरी लागेल. घटनेप्रमाणे पाचही कॉम्प्लेक्सची लागत होती आणि फॉर्मवर रेघ एकच. शेवटी मुंगीच्या अक्षरात पाच सह्या झाल्या. बाईंनी भिंग मागवलं. मी घरी येऊन बायकोवर चिडलो, कारण चिडायला दुसरं कुणी माझ्या अखत्यारीत नव्हतं. तीही नव्हती, हे तिने लगेच सांगितलं.

मग त्या हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं. झाडांच्या फांद्यांवर काचेसारखा बर्फ चढला, फांद्या तारांवर कोसळल्या आणि सकाळी आठला चार कॉम्प्लेक्सची वीज गेली. हीटर बंद. तान्ही बाळं, इंडियाहून आलेले आई-वडील, सगळे घरात कोट घालून कुडकुडत होते. वीज होती ती फक्त काकांच्या कॉम्प्लेक्समधल्या नऊ घरांत आणि तिथल्या क्लबहाउसमध्ये. मी कसाबसा तिथे पोचलो आणि काय केलं असेन? कागद घेऊन विनंतीचा मसुदा करायला बसलो. शेजारी चारही कॉम्प्लेक्सचे प्रतिनिधी आधी कुणाची माणसं आणायची यावर वाद घालत होते. एक म्हणत होता, “यार, आमच्याकडे मेजॉरिटी आहे.” दुसरा म्हणत होता, “मत एकच आहे ना पण!”

काका कोपऱ्यात हात वर करून उभे होते. बराच वेळ उभे होते. कुणी बघितलं नाही. मग तो हात खाली आला आणि टेबलावर असा आपटला, की माझं पेन उडालं.

“काय करून राहिले तुम्ही? लेकरं गारठून राहिली तिकडं!”

आणि ते खुर्चीवर चढले. एवढा आवाज त्या माणसात कुठे होता कोण जाणे! “तू, मोठी गाडी, बाळंवाली घरं आधी. तू म्हातारी माणसं. तू गाद्या. तुम्ही दोघी खिचडी टाका. अध्यक्ष, तुम्ही दारात उभे राहून डोकी मोजा. मध्ये बोलू नका!” कुणी ‘पण काका’ म्हटलं, की काका नुसते बघायचे आणि तो धावत सुटायचा. तीन तासांत सव्वाशे माणसं उबेत आली. ताटात खिचडी, पापड आणि लोणचं होतं. पापड कुणी भाजायचे हेसुद्धा काकांनी ठरवलं होतं. मी दारात डोकी मोजत होतो आणि खरं सांगतो, आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

वीज आल्यावर सगळ्यांनी एकच धोशा लावला. घटना बदला, अध्यक्षाला अधिकार द्या आणि काकांना अध्यक्ष करा. चार कॉम्प्लेक्स राजी होती. पाचवं मत काकांच्या कॉम्प्लेक्सचं, म्हणजे काकांच्याच हातात होतं आणि काका दार उघडत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एकट्याला आत घेतलं. “त्या पुस्तकातलं पुढचं प्रकरण मी वाचलं होतं जी,” ते म्हणाले. “ती घटना टिकली नाही, हे मला ठाऊक होतं. तरी आपली तशीच केली. मी नागपूरला आमच्या कॉलनीचा अकरा वर्षं अध्यक्ष होतो. त्या मोठ्या मंडळातल्या माणसासारखाच. माझा एक मित्र होता, समोरच राहायचा. शाळेपासूनचा. त्याने फाटकात स्कूटर लावली म्हणून मी त्याला भर सभेत उभं करून माफी मागायला लावली. नियमाने मीच बरोबर होतो. त्याने माफी मागितली आणि त्यानंतर नऊ वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. परवा खुर्चीवर चढलो ना, तेव्हा मला फार मजा आली. तीच भीती वाटते मला.”

मी त्यांचा हात धरला. तो माणूस मला त्या दिवशी फार आवडला.

काकांनी मत दिलं. नव्या घटनेत अध्यक्षाला अधिकार मिळाले, त्याला काढायची सोयही झाली, आणि काकांच्या हट्टाने एक कलम जास्तीचं आलं: ही घटना लिहिणाऱ्याला कधीही अध्यक्ष होता येणार नाही. पुढच्या महिन्यात ते नागपूरला गेले. “माफी भर सभेत मागायला लावली होती, तर भर सभेतच मागून येतो,” एवढंच म्हणाले. परतीचं तिकीट सहा आठवड्यांनंतरचं होतं.

ते तिकीट वाया गेलं आणि तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. कॉलनीचा अध्यक्ष आता तो मित्रच होता. काकांनी सभेत हात वर केला, तर तो म्हणाला, विषय पत्रिकेवर नाही, पुढच्या महिन्यात घेऊ. पुढच्या महिन्यात कोरम नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यात वेळ संपली.

“अहो काका, तो तुम्हाला मुद्दाम लटकवतोय!”

“हो ना. रोज संध्याकाळी फिरायला जातो आम्ही, तेव्हा मी विचारतो त्याला. तो म्हणतो, सभेबाहेर चर्चा नको.”

काका पुन्हा आले नाहीत. फार दिवस बाहेर राहिल्याने ग्रीन कार्ड गेलं, लेकीने त्यांची खोली आवरली. दर महिन्याच्या कॉलनीच्या सभेनंतर मी फोन करतो आणि विचारतो, झालं का मंजूर? काका म्हणतात, “नाही जी. पुढच्या सभेला ठेवलंय.” इतका आनंदी आवाज मी त्यांचा इकडे असताना कधी ऐकला नव्हता.