चिमूटभर पावडर

परवा घराची टाकी धुताना ब्लीचिंग पावडरचं पाकीट फोडलं आणि त्या उग्र वासाने मला सेनगावकडच्या त्या तांड्यावर नेलं.

तेव्हा मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला होतो. रोज सकाळी विहिरीत पावडर कालवून सोडायची, हे माझं काम. त्या दिवशी रामजीकाकांच्या मुलीचं लग्न होतं. काका सकाळीच आले.

"आजच्या दिवस पावडर टाकू नको बाबा. चहाला दवाखान्याचा वास येतो, पावणे नावं ठेवतेत."

"न्हाई टाकत काका. तुमी बिनघोर जा."

दुपारी आरोग्यसेवक पाणी तपासायला आले. त्यांचं औषध टाकल्यावर पाणी पिवळं झालं, की पावडर पडली असं समजायचं. विहिरीच्या काठावर वऱ्हाडी आंघोळी करत होते आणि तेच पाणी पुन्हा आत झिरपत होतं. आरोग्यसेवकांची पाठ वळताच मी त्यांनी तपासायला भरून ठेवलेल्या ग्लासात चिमूटभर पावडर सोडली. त्यांनी औषध टाकताच पाणी पिवळंजर्द झालं. "बराबर हाय," म्हणत त्यांनी सही केली. मला हसू आलं.

तिसऱ्या दिवशी तांड्यात घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. काकांची बायको हिंगोलीला नेताना जीपमध्येच गेली.

दहाव्याला काकांनी मला बाजूला घेतलं. "मीच पावडर नको म्हणलो. त्यानं तर न्हाई ना झालं?"

"न्हाई काका. तपासणीत पाणी चांगलं निघालं होतं."

मी त्यांना धीर देतोय, असं तेव्हा स्वतःलाच सांगितलं. काकांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. माझ्या त्या हातांना पावडरचाच वास येत होता.