नव्या डब्याचं दर्शन

नव्या युगाचा जन्म पाहताना माणूस नम्र होतो. परवा धाकट्या भावाच्या टीव्हीवर मी तो पाहिला. नव्या गेमिंग कन्सोलची घोषणा होती. धूर, ढोल आणि निळ्या उजेडात सावकाश फिरणारा काळा डबा. चाळिशी उलटलेला विजू चष्मा पुसून एकटक बघत होता.

"दादा, यावर तरी खेळायला येशील ना?"

"येईन की."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

खरं होतं. लहानपणी एकाच टीव्हीपुढे मांडीला मांडी लावून आम्ही खेळायचो, भांडायचो. पुढे प्रत्येक नव्या कन्सोलबरोबर माझ्याकडे कारणंही नवी आली.

"या वेळी नक्की," मी म्हणालो.

विजू नुसता हसला. पडद्यावर खोक्यात काय काय मिळेल त्याची यादी आली. कंट्रोलर एकच होता.