बिनवासाचा वारा

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या वरच्या माळावर आमचा तांडा. तिथली मोतीबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई, सरपंचालाही सोडायची नाही. पण सून दिपा घरात आली आणि मोतीबाईची एकच भुणभुण सुरू झाली. "खालच्या विहिरीचं पाणी वाहून माझे गुडघे गेले. दिपाचे जाऊ द्यायची न्हाई." दिपाला दिवस गेल्यावर तर मोतीबाईनं आपल्या नवऱ्याला, शंकरसिंगला, इतकं छळलं की घराशेजारी बोअर पाडावाच लागला.

पाणी लागलं नाही. खोल गेल्यावर भोकातून नुसता वारा सूं सूं करत वर आला. बोअरवाले गाडी घेऊन निघून गेले. शंकरसिंगनं नाक लावून पाहिलं. मागे आमच्याकडे घरोघर गोबरगॅस होता, त्याचा वास आम्ही झोपेतही ओळखू. याला वासच नव्हता. "गॅसबिस काय न्हाई, वारा हाय," तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मोठे शहाणे आम्ही!

"देवीला भोग न्हाई दिला, मंग पाणी काहून येईल?" मोतीबाई म्हणाली. भोग म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि लापशी. भर दुपारी तिनं बोअरच्या तोंडाशी निखारे ठेवले. भप्प असा आवाज झाला. जाळ कुठंच दिसेना. देवीनं भोग घेतला, असं म्हणत बाया हसल्या.

"दिपा, कुंकू वाहा," मोतीबाईनं सांगितलं.

पोर वाकली. तिचा पदर आपोआप काळा पडत गेला आणि मग धडधडा पेटला. घरात दोन हंडे पाणी होतं, ते ओतलं. मोतीबाईनं उघड्या हातांनी पेटतं लुगडं ओढून काढलं. पण दिपा हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. पोटातलं लेकरूही गेलं.

नंतर सरकारी माणसं आली, बोअरला झाकण बसवलं. त्यांच्यात भूगर्भाच्या जाणकार संध्या मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, "हा हायड्रोजन. खोल खडकातलं लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, मागे हा उरतो. गोबरगॅससारखा काही सडून झालेला नाही. याला वास नाही आणि उन्हात याचा जाळ दिसत नाही."

"जळून त्याचं काय व्हतं?" मोतीबाईनं विचारलं.

"पाणी," मॅडम बोलून गेल्या.

"दाखवा."

मॅडम नको नको म्हणाल्या, म्हातारी हटेना. शेवटी त्यांनी झाकणाला लावलेल्या नळीतून बारीक ज्योत पेटवली आणि तिच्यावर स्टीलची थंड ताटली धरली. ताटलीवर दव धरलं, एक थेंब ओघळला. मोतीबाईनं भाजून आखडलेल्या बोटानं तो टिपला.

"दिपा जळत व्हती तवा बी हे पाणी येऊन राहिलं व्हतं?"

"हो," मॅडम हळूच म्हणाल्या. "वाफ होऊन उडून गेलं."

मला वाटलं, आता शिव्यांचा भडिमार होणार. झाला असता तर फार बरं झालं असतं. तिनं ताटली पदरानं पुसून परत दिली. मग बोटं उघडत नाहीत म्हणून दोन्ही मनगटांत हंडा धरला आणि खालच्या विहिरीकडे निघाली.